गेलेल्यांना अधिक महिना नसतो

पेजेत मी आल्याच्या चार काड्या टाकल्या, वर मिरपूड भुरभुरली आणि चमचा उचलला, तेवढ्यात लेंगहुआ म्हणाली, "काका, परवासाठी मासे किती ठेवू? मोठे दोन पुरतील ना?" लेंगहुआची मासळीच्या पेजेची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. पहाटे पाचला ती काटे काढायला बसते आणि नऊला तिचं पातेलं रिकामं. मी म्हटलं, "परवा काय आहे?" तिचे हात थांबले. काटे काढताना तिचे हात कधी थांबत नाहीत, हे आमच्या ताइनान गावातल्या कुणालाही विचारा. ती म्हणाली, "काकूंचं वर्ष नाही का परवा?" मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात. ती दहाव्या महिन्याच्या बाराव्या दिवशी गेली. आत्ता नववा चाललाय." "अहो काका, पण यंदा अधिक महिना नव्हता का आला? उन्हाळ्यात सहावा दोनदा झाला की. गेलेल्यांना अधिक महिना नसतो. त्यांचे बारा महिने परवाच भरतात." शेजारच्या स्टुलावर एक टॅक्सीवाला पेज भुरकत होता, तो वाडग्यातून तोंड न काढताच म्हणाला, "काकांना गाडीचं मॉडेल विचार, साल सांगतील, महिना सांगतील. बायकोचं कसं लक्षात राहणार?" लेंगहुआनं त्याच्या पाठीत ओल्या फडक्याचा फटका दिला. मी हसलो. म्हणजे तोंड हसलं. पण आत कसं झालं सांगू, जुन्या स्कूटरचा बेल्ट घसरतो ना, एंजिन कोकलत राहतं आणि गाडी जागची हलत नाही, तसं झालं. चमचा हातात तसाच. पेजेवर माशाच्या तेलाचे बारीक बारीक गोल तरंगत होते, एकमेकांना चिकटत होते, मी ते बघत बसलो. एक महिना. माझ्या खिशात एक महिना होता असं मी धरून चाललो होतो, आणि खिसा फाटका निघाला.

हे काय मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या आजोबांचं वर्ष असंच महिनाभर आधी केलं होतं, तेव्हा मी आईचा पदर धरून उभा होतो. इथं शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण यंदा माझ्या डोक्यातून गेलं खरं. घरी येईपर्यंत मी पुन्हा पुन्हा बोटांवर मोजलं, आठवा, नववा, दहावा, आणि दर वेळी तेच. गल्लीत सकाळचं ऊन एका बाजूच्या भिंतीवरच पडतं. कुणाच्या तरी खिडकीत आंघोळीचं पाणी सांडत होतं. कुठल्या तरी देवळातून ढोल ऐकू येत होता, आमच्या गावात रोज कुठल्या ना कुठल्या देवाचा वाढदिवस असतोच. सगळं होतं तसं होतं आणि मी मात्र पाण्याखालून चालल्यासारखा चाललो होतो. कारण वर्ष भरलं की काय होतं ते मला ठाऊक होतं. वर्षभर गेलेल्या माणसाची जागा वेगळी असते. खोलीच्या कोपऱ्यात एक बुटकं टेबल, त्यावर नावाची तात्पुरती पाटी, एक छोटं उदबत्तीचं भांडं, चहाचा पेला. सकाळ-संध्याकाळ तिथं उभं राहायचं आणि बोलायचं. वर्ष भरलं की त्या भांड्यातली तीन चिमटी राख घराण्याच्या मोठ्या भांड्यात टाकायची, नाव पूर्वजांच्या लाकडी पेटीत घालायचं, आणि छोटं टेबल, पाटी, सगळं जाळून टाकायचं. मग ती माझी बायको स्युल्वान राहत नाही. मग ती 'आमचे पूर्वज' होते. हात जोडायचे ते सगळ्यांना मिळून. माझा बाप, माझा आजा, पणजा, ज्यांनी तिला पाहिलंही नाही. आणि माझी आई.

आता माझ्या आईचं आणि बायकोचं सांगायचं तर एवढंच पुरे की आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरण्या दोन होत्या. एक निळ्या झाकणाची, एक बिनझाकणाची. एकीच्या बरणीतलं मीठ दुसरीच्या हातून पडलं तर त्या दिवशी भांडी जरा जोरात वाजायची. बत्तीस वर्षं. शेवटची सहा वर्षं आई अंथरुणाला खिळली, आणि कुणाच्या हातचं खायची नाही, माझ्या बहिणीच्याही नाही, फक्त स्युल्वानच्या. पण तिला हाक मारायची ती 'ए' म्हणून. 'ए, अळणी आहे.' 'ए, खारट झालंय.' स्युल्वान चमचा धरून बसायची आणि म्हणायची, "गिळा आता, वर गेल्यावर देवाकडं तक्रार करा." मी बाहेर माझ्या स्कूटरदुरुस्तीच्या दुकानात कार्ब्युरेटर उघडून बसलेला असायचो आणि हे सगळं पत्र्याच्या पडद्याआडून ऐकू यायचं. मी पाना जरा जास्त जोरानं आपटायचो, म्हणजे ऐकू आलं नाही असं व्हावं.

दुकानाचं शटर मी वर्षभर अर्धंच उघडतो. वाकून यावं लागतं. ज्याला गरज आहे तो वाकतो. त्या दिवशी मी वाकून आत गेलो आणि कामाला हात लावायच्या ऐवजी स्युल्वानच्या स्कूटरवर जाऊन बसलो. पन्नास सीसीची हिरवी गाडी, कडेला एका बाजूनं घासलेली, पुढं भाजीची पिशवी अडकवायचा हूक. ती मी विकली नाही, चालवलीही नाही. आठ दिवसांतून एकदा सुरू करतो, नाहीतर बॅटरी बसते. सीट मधोमध जरा खोलगट झालीय, तिच्या बसण्यानं. त्या खळग्यात मी नीट बसत नाही, मी मोठा पडतो. पंखा फिरत होता. उदबत्तीचा वास घरातून दुकानात येतो आणि पेट्रोलच्या वासात मिसळतो, त्या वासाला नाव नाही, पण वर्षभर माझ्या नाकात तोच आहे. डोळे मिटले की मला माझ्या लहानपणची माशांची तळी दिसतात. समुद्राच्या कडेला, खारट, उथळ, लांबच लांब. दुपारी त्यांच्यावर ऊन असं पडायचं की पाणी कुठलं आणि आभाळ कुठलं ते कळायचं नाही, आणि माशांच्या पाठी मधूनच चमकायच्या, जणू कुणीतरी खालून आरसा फिरवतंय. बाप मला बांधावर बसवून जायचा आणि म्हणायचा, हलू नकोस. मी हलायचो नाही. आताही मी हललो नाही. त्या चकाकीतूनच मला दवाखान्याचा लांब पॅसेज दिसला, तसाच चकचकीत, फरशी नुकती पुसलेली, आणि त्याच्या टोकाला बाकावर मी स्वतः बसलेला, मांडीवर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर पपनसाच्या साली.

ते पपनस मला कधी सोडायचं नाही. गेल्या वर्षीच्या शरदातली गोष्ट, चंद्राचा सण नुकताच होऊन गेलेला, बाजारात जिकडं तिकडं पपनसांचे ढीग. स्युल्वान दवाखान्यात होती, तिचं जेवण तुटलं होतं. पोटात काय झालं होतं त्याचं नाव डॉक्टरांनी मला लिहून दिलं, मी कागद घडी करून पाकिटात ठेवला, अजून आहे. एक दिवस ती म्हणाली, "पपनस खावंसं वाटतंय." मी उड्या मारत गेलो, वास घेऊन घेऊन, टिचक्या मारून मारून, जड बघून एक आणलं. तर नर्स म्हणाली, "बाबा, या गोळ्यांवर ते चालत नाही. एक फोडसुद्धा नाही." स्युल्वान म्हणाली, "मग वास तरी घेऊ दे." मला काय झालं कुणास ठाऊक. मी खेकसलो. "वास घेऊन काय होणार आहे? उगीच जीव जाईल त्यात." आणि ते उचलून बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बसलो. आणि वाया जाऊ नये म्हणून, अहो, वाया जाऊ नये म्हणून, मी एकट्यानं ते आख्खं खाल्लं. गोड होतं. फार गोड होतं. हाताला तो वास दोन दिवस होता, आणि तिनं माझा हात धरला तेव्हा नाकाशी नेला. पुढं दोन महिन्यांच्या आत गेली. हे मी कुणाला सांगितलं नाही. कोपऱ्यातल्या त्या बुटक्या टेबलापाशी मात्र रोज सांगतो. तिला एकटीला. आता सगळ्या पूर्वजांच्या देखत कसं सांगणार?

मग मी बहिणीला फोन केला. माझी थोरली बहीण बोंगछी. नावाचा अर्थ काय, तर 'असू दे आता, वाढवू'. तुमच्याकडं नकुशी म्हणतात ना, तीच. नको असताना आलेली ही बाई ऐंशी वर्षांची झाली आणि आता तिच्यावाचून आमच्या घराण्यात कुणाला धड मरता येत नाही. "आक्का," म्हटलं, "परवा आहे म्हणे." "म्हणे? म्हणे काय, गाढवा? आठ दिवसांपूर्वी सांगितलं तुला. 'हो हो' म्हणालास." "मी एंजिन ऐकत होतो." "जन्मभर एंजिनच ऐकलंस." मी म्हटलं, "एक महिना पुढं नाही का ढकलता येणार? कॅलेंडरप्रमाणं तर..." "कॅलेंडर तुझं, तिचं नाही. गेलेलं माणूस आपले बारा चंद्र मोजतं आणि दारात येऊन उभं राहतं. तेराव्या चंद्रापर्यंत तिला दारात उभी ठेवणार आहेस? पाव्हण्यासारखी?" पंख्याचा आवाज तिकडं ऐकू जात असणार. मग मी म्हटलं, "आक्का, आणि आई?" "आईचं काय?" "दोघी एका पेटीत म्हणजे..." मग ती हसायला लागली, अशी हसली की कवळी वाजल्याचं मला फोनवर ऐकू आलं. "ते त्या दोघी बघतील! तू बाप्या माणूस, मध्ये पडू नकोस. जन्मभर पडला नाहीस, आता कशाला?" आणि फोन ठेवला. ती गमतीनं म्हणाली. पण काही गमती पायात रुतलेल्या काट्यासारख्या, चालायला लागलं की कळतात.

दुपारभर मी काम केलं नाही. त्या गेलेल्या महिन्याचा विचार करत राहिलो. आधी रागानं. म्हटलं, हा अधिक महिना गेला कुठं? तिच्या हिशेबात नाही, माझ्याही हातात नाही, मग कुणी खाल्ला? आणि मग तो महिना हळूहळू समोर यायला लागला, जसं घासलेटमध्ये बुडवलेल्या पार्टवरची काजळी सुटते आणि खालचा धातू दिसायला लागतो. निळा. तो सगळा महिना निळा होता. पावसाळ्यातल्या वादळानं आमच्या घरावरचे निम्मे पत्रे नेले, एक तर तिसऱ्या गल्लीत देवळाच्या अंगणात सापडला. तेव्हा मी म्हटलं होतं, बरं झालं, सगळंच जाऊ दे. मी छपराखाली बादली ठेवायलासुद्धा उठलो नाही. तर गल्लीतले पाच-सहा जण न विचारता वर चढले आणि निळी ताडपत्री घालून गेले. मी खाली खुर्चीत बसून वर बघत होतो, त्यांचे पाय दिसत होते, निळ्यावर काळे ठसे. मी आभार मानले नाहीत. सुतकातल्या माणसानं कुणाच्या पाया पडू नये, कुणाला दारापर्यंत पोचवू नये, कुणाच्या घरी जाऊ नये, असं आमच्यात आहे, आणि मला ते बरंच पडलं होतं. आभार न मानायला चांगलं निमित्त. पण त्या ताडपत्रीखालून जो उजेड यायचा! सकाळी जाग यायची तेव्हा सगळी खोली निळी, भिंती निळ्या, माझे हात निळे, तिच्या टेबलावरचा चहासुद्धा निळा. मला वाटायचं मी तळ्याच्या तळाशी पडलोय आणि वरून बापाची होडी जातेय. आणि त्या तळाशी मला झोप लागायला लागली. वर्षात पहिल्यांदा. दुपारी, सकाळी, कधीही, गाढ, जशी लहानपणी लागायची.

आणि मी खाल्लंही होतं की त्या महिन्यात. उन्हाळ्याच्या सणाला बांबूच्या पानांत चिकट भाताचे तिकोने बांधतात. सुतकाच्या घरात ते बांधत नाहीत, दुसऱ्यांनी आणून द्यायचे असतात. मला गल्लीनं इतके आणून दिले की फ्रीजमध्ये बर्फाला जागा राहिली नाही. लेंगहुआचे शेंगदाण्याचे, पत्र्याच्या कारखान्यातल्या बाईचे डुकराच्या मटणाचे, आक्काचे खारवलेल्या अंड्याचे, शिवाय टॅक्सीवाल्यानं आणलेले, ज्याला स्वतःला अंडं उकडता येत नाही. ते मी सण झाल्यावर त्या अधिकात एकेक करून वाफवून खाल्ले. खाताना काय वाटलं ते आठवत नाही. चव आठवते. आणि त्याच महिन्यात एक दिवस एक बाई शटरखालून वाकून आली, गाडी सुरू होते आणि बंद पडते म्हणाली. मी किक मारली आणि ऐकलं. ऐकलं म्हणजे खरंच ऐकू आलं. तोवर आठ-नऊ महिने मला एंजिनं ऐकू येत नव्हती, आवाज यायचा पण तो काही सांगायचा नाही. त्या दिवशी सांगितलं. कार्ब्युरेटरच्या फ्लोटमध्ये कचरा आहे, एवढंच. मी साफ केलं, गाडी चालू झाली, आणि बाई गेल्यावर मी आत जाऊन कोपऱ्यात सांगितलं, "स्युल्वान, फ्लोटमध्ये कचरा होता." मोठी बातमी असल्यासारखं.

म्हणजे तो महिना तिला नव्हता. मला होता. तिचे बारा चंद्र सरळ गेले आणि मला मधे एक जास्तीचा मिळाला, कुणी मोजला नाही असा, आणि मी त्यात झोपलो, जेवलो, बरा झालो, आणि मला पत्तासुद्धा लागला नाही. हे जेव्हा कळलं तेव्हा संध्याकाळचं ऊन अर्ध्या शटरखालून आत येऊन पाय धरून बसलं होतं. मी तिच्या गाडीवरून उतरलो. रडलो वगैरे नाही. गुडघे आखडले होते ते धरून उभा राहिलो. पण उठून गल्लीत जावं आणि एकेका दारात सांगावं की बाबांनो, तुमचे तिकोने मी खाल्ले, असं काहीतरी वाटत होतं. सुतक होतं म्हणून गेलो नाही. खरं सांगायचं तर लाजलो.

त्या दिवशी, म्हणजे परवा म्हणत होतो तो दिवस आला तेव्हा, पोरगी सकाळच्या गाडीनं ताइचुंगहून आली. याफिंग, माझी एकुलती. तिथं ती चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात आहे. बारा वाडगे मांडले, भात, सूप, लेंगहुआचे दोन मासे डोक्यासकट, आणि याफिंगनं पिशवीतून पपनस काढून ताटात ठेवलं. मी बघितलं. तिला काही ठाऊक नव्हतं. "आईला आवडायचं," एवढंच म्हणाली. आक्का स्टुलावर बसून होती. ती लग्न होऊन परघरची झालेली, आमच्या पूर्वजांना तिनं हात लावायचा नाही. तोंड चालवायला मात्र बंदी नाही. "चॉपस्टिक्स जोड्यानं ठेव. चहा आधी, दारू नंतर. त्सुईबोक, तू बाजूला. नवऱ्यानं बायकोपुढं गुडघे टेकायचे नसतात, खालचा माणूस वर जातो आणि वरचा खाली. पोरीला टेकू दे." मी बाजूला उभा राहिलो, हात मागे. उदबत्त्या लागल्या. मोठं भांडं आणि छोटं भांडं शेजारी शेजारी ठेवलं होतं, हत्तीच्या बाजूला पिल्लू. आणि मग कौल.

कौल म्हणजे लाल रंगाचे दोन लाकडी तुकडे, संत्र्याच्या फोडीसारखे, एक अंग सपाट, एक फुगीर. जमिनीवर टाकायचे. एक उताणा एक पालथा पडला तर हो. दोन्ही पालथे तर नाही. दोन्ही उताणे पडून डुलले तर पलीकडचे हसताहेत असं समजायचं. याफिंगनं विचारलं, "आई, पोटभर जेवलीस का?" हो आलं, पहिल्या फटक्यात. आक्का म्हणाली, "बघा, भूक होती बिचारीला." मग याफिंगनं विचारलं, "आई, आता आजी-आजोबांच्या पंगतीला बसशील का?" हसू. पुन्हा विचारलं. हसू. पुन्हा. नाही. आक्का म्हणाली, "पत्ता सांग. नाव नीट सांग." याफिंगनं गल्ली सांगितली, घर नंबर सांगितला. नाही. आक्का उठून वाडगे तपासायला लागली, तिखट आहे का, मीठ आहे का, कुठला चमचा उलटा आहे का. "पुन्हा टाक." हसू. दर वेळी ते तुकडे फरशीवर टकटक करत थांबायचे आणि माझ्या छातीत काहीतरी हळूच बसायचं, गार, गोड. नाही म्हणतेय. येत नाही म्हणतेय. राहू दे मग कोपऱ्यात. महिनाभर, वर्षभर. मला लाज वाटली नाही, खरं सांगतो, मी मनातल्या मनात म्हणत होतो, शाबास गं, शाबास. उदबत्ती एक तृतीयांश राहिली. ती संपायच्या आत व्हायला लागतं. मी तिचा धूर बघत होतो, तो पंख्यापाशी जाऊन फुटत होता.

मग माझं पोरीकडं लक्ष गेलं. तिची पाठ मला दिसत होती. नऊ वेळा, दहा वेळा ती वाकली, उचलले, कपाळाला लावले, टाकले. गुडघे लाल झालेले. अकराव्या वेळी तिनं ते उचललेच नाहीत. जमिनीकडं बघत म्हणाली, "आत्या, आईच्या बाबतीत माझं काही चुकलं का? मी शेवटचे दोन महिने सुट्टी घेतली नाही म्हणून?" आक्कासारखी आक्का, पण ती वाडगेच सरळ करत राहिली. आणि माझ्या छातीतलं ते गारगोड जे होतं ते एकदम बर्फासारखं झालं. मी इथं उभा राहून खूश होतोय आणि पोरगी आपल्यावर ओढून घेतेय. हे घरातलं जुनंच. दोघी बायका पडद्याआड, आणि मी बाहेर पाना आपटतोय.

मी पुढं झालो. "उठ बाळ," म्हटलं, "दे इकडं." आक्का ओरडली, "त्सुईबोक! बायकोपुढं गुडघे..." "बायकोपुढं नाही टेकत, आक्का. आईपुढं टेकतोय. आईपुढं चालतं ना?" चालतं. कुणाला नाही म्हणता येईल? मी टेकलो. अडुसष्ट वर्षांचे गुडघे, दोन्ही मोडल्यासारखे वाजले. फरशी गार होती. इतक्या खालून ती लाकडी पेटी फार उंच दिसते, लहानपणी दिसायची तशी. मी कौल हातात धरले, आणि पोरीच्या देखत, बहिणीच्या देखत बोललो. मोठ्यांदा.

"आई, मी त्सुईबोक. स्युल्वानला विचारून झालं. तुला कुणी विचारलंच नाही, ते आमचं चुकलं. घर आधी तुझं. आई, सहा वर्षं तू अंथरुणावर होतीस आणि हिनं तुला भरवलं. तू तिला एकदाही नावानं हाक मारली नाहीस. ते तू. पण मी बाहेर बसून सगळं ऐकत होतो आणि मीही तिला कधी म्हटलं नाही, की बाई, तुझे उपकार आहेत. दोन्ही बरण्यांचं मीठ खाल्लं आणि गप्प बसलो. शेवटी तिनं नुसता वास मागितला तर तोही दिला नाही, पपनस एकटा खाऊन बसलो बाहेर. आता ती दारात उभी आहे. ती काही 'येऊ का' म्हणणार नाही, तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. तू म्हण. नावानं म्हण, स्युल्वान तिचं नाव. आणि आई, जरा सरक. तिला भिंतीकडची जागा दे. तिला पंख्याचा वारा सोसत नाही."

मागं याफिंगनं नाक ओढल्याचं ऐकू आलं. उदबत्ती बोटाच्या पेराएवढी राहिली होती. मी कौल कपाळाला लावले आणि टाकले. एक तिथंच पडला, पालथा. दुसरा घरंगळत गेला, टेबलाच्या पायाला लागला, उभा राहतो की काय असं वाटलं, डुलला, आणि उताणा झाला.

मग आक्का म्हणाली, "सरकली म्हातारी," आणि बाहीनं डोळे पुसले, आणि लगेच, "बघत काय बसलास, राख घे, तीन चिमटी, सांडू नकोस." मी छोट्या भांड्यात बोटं घातली. राख वरून गार आणि आत ऊन होती. वर्षभराच्या सकाळ-संध्याकाळ त्यात होत्या, वादळाच्या, निळ्या ताडपत्रीच्या, सगळ्या. पहिली चिमटी मोठ्या भांड्यात टाकली तेव्हा ती वेगळी दिसली, जुन्या राखेवर जरा पांढरी. दुसरी टाकली. तिसरी टाकेपर्यंत कुठली कुणाची, सांगता येईना.